नासाशस्त्रक्रिया : इतिहास व विकास

नाकाचे नष्ट अथवा विद्रूप झालेले बाह्यरूप पुन्हा घडविण्यासाठी किंवा त्याच्या आतील श्वसनमार्ग मोकळा करण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया करण्यात येतात, त्यांना एकत्रितपणे ‘नासाशस्त्रक्रिया’ असे म्हणतात. पहिल्या प्रकारास ‘नासासंधान’ ही संज्ञा सुश्रुतसंहितेपासून चालत आलेली आहे. दुसऱ्या प्रकारात नाकातील उभ्या पडद्यावरील, म्हणजे नासापटलावरील शस्त्रक्रिया प्रमुख होत. या दोन शाखांचा उगम, काळ व हेतू भिन्न आहेत. नासासंधानाचा इतिहास सु. दोन हजार वर्षांचा असून त्याचे मूळ भारतात आढळते. नासापटलावरील शस्त्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप व अमेरिकेत विकसित झाल्या. विसाव्या शतकात या दोन्ही शाखा एकमेकींच्या निकट आल्या आणि नाकाचा आकार व नाकाचे कार्य हे वेगळे प्रश्न नाहीत, ही जाणीव दृढ झाली.

शरीररचना : नाकाच्या वरच्या भागाला हाडांचा व खालच्या भागाला उपास्थींचा (कूर्चांचा) आधार असतो. आतील पोकळीचे दोन भाग करणारे नासापटल पुढील बाजूस चौकोनी उपास्थीचे, तर मागील बाजूस झर्झरास्थीची उभी पट्टी व फाळाच्या आकाराचे एक पातळ हाड यांचे बनलेले असते. या सर्वांवर दोन्ही बाजूंनी श्लेष्मकलेचे ओलसर अस्तर असते. उपास्थीमध्ये स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला लगतच्या आवरणातूनच पोषण मिळते. त्वचेच्या तुकड्यालाही जिवंत राहण्यासाठी रक्तपुरवठा लागतो. नासाशस्त्रक्रियेतील बहुतेक यशापयशांचे मूळ या दोन साध्या गोष्टींत आहे.

सामाजिक पार्श्वभूमी : नाक हा चेहऱ्याचा मध्यवर्ती व सहज दिसणारा अवयव असल्यामुळे अनेक समाजांत त्याचा संबंध प्रतिष्ठेशी जोडला गेला. ‘नाक कापले जाणे’ याचा मराठीतील अर्थ अब्रू जाणे हाच आहे. रामायणातील शूर्पणखेच्या कथेत नासिकाच्छेद हा अपमानाचा परमावधी मानलेला दिसतो. नाशिक या नगराच्या नावाचा संबंध लोकपरंपरा याच कथेशी लावते. व्यभिचार, चोरी, फितुरी यांसारख्या अपराधांबद्दल नाक कापण्याची शिक्षा भारतात व भारताबाहेरही प्रचलित होती आणि युद्धकैद्यांच्या वाट्यालाही ती येई. अशा व्यक्तीचा प्राण वाचला, तरी समाजातील तिचे स्थान उरत नसे. त्यामुळे नाक पुन्हा घडविणे म्हणजे शिक्षेची किंवा सूडाची खूण पुसून त्या व्यक्तीस पुन्हा माणसांत आणणे होते. कोणत्याही संवेदनाहारक औषधाशिवाय रुग्ण ही यातनामय शस्त्रक्रिया का पतकरीत, याचे उत्तर यात सापडते.

प्राचीन काल : ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या इ. स. पू. सु. १६०० च्या हस्तलिखितात मोडलेल्या नाकावरील उपचारांचे वर्णन आहे. त्यात नाकातील रक्त पुसून काढणे, तागाच्या कापडाचे बोळे आत बसविणे व बाहेरून कापडाच्या घट्ट गुंडाळ्यांचा आधार देणे या क्रिया सांगितल्या आहेत. तुटलेले नाक नव्याने घडविण्याची पद्धत मात्र त्यात नाही. ती प्रथम सुश्रुतसंहितेत आढळते.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णसंधानाबरोबर नासासंधानाचा विधी दिलेला आहे. त्यानुसार नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे. त्या मापाचा त्वचेचा तुकडा गालापासून, एका टोकाशी जोडलेला ठेवून, सोडवावा. नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा व त्यावर तो तुकडा त्वरित सांधावा. श्वासासाठी दोन नळ्या बसवून नाक उचलून धरावे. नंतर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, वर पांढरा कापूस ठेवून तो तिळाच्या तेलाने वारंवार भिजवावा. सांधा भरून आल्यावर उरलेला दुवा कापून टाकावा; नाक लहान वाटल्यास वाढवावे व मांस अधिक झाल्यास समतल करावे. या वर्णनात आधुनिक संधान-शस्त्रक्रियेची तीन मूलतत्त्वे स्पष्ट दिसतात : अगोदर माप घेणे, त्वचेचा तुकडा रक्तपुरवठ्यापासून न तोडणे आणि सांधा भरल्यावर दुसऱ्या टप्प्यात आकार दुरुस्त करणे.

इटलीतील परंपरा : पंधराव्या शतकात सिसिली बेटावरील काताना (कातानिया) येथील ब्रांका घराण्यात नाक घडविण्याची विद्या होती. पिता गालाची त्वचा वापरी. पुत्र आंतोन्यो याने दंडाची त्वचा वापरण्यास सुरुवात केली. या पद्धतीचे शास्त्रशुद्ध विवेचन बोलोन्या येथील अध्यापक गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५–९९) याने १५९७ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या सचित्र लॅटिन ग्रंथात केले. तीत दंडाचा त्वचापट्टा नाकाच्या जागी शिवून, तो रुजेपर्यंत हात चेहऱ्याशी जखडून ठेवावा लागे. ही अवस्था रुग्णास अत्यंत त्रासदायक होई. त्याच्या मृत्यूनंतर ही पद्धत यूरोपात जवळजवळ विस्मरणात गेली.

भारतातील कपाळाची पद्धत : सुश्रुताने गालाची त्वचा सांगितली असली, तरी मध्ययुगात भारतात कपाळाची त्वचा वापरणारी पद्धत रूढ झाली. सतराव्या शतकातील इटालियन प्रवासी निकोलाओ मनुची याने विजापूर प्रदेशातील शस्त्रवैद्य भुवयांवरील कपाळाची त्वचा सोडवून, तिला पीळ देऊन कापलेल्या नाकावर कशी बसवीत, याचे वर्णन केले आहे. कांगडा खोऱ्यातही काही घराण्यांत हा व्यवसाय वंशपरंपरेने चालत असे. ही विद्या ग्रंथांतून नव्हे, तर हातातून हाताकडे व पित्याकडून पुत्राकडे जात असे. शवविच्छेदन व शस्त्रकर्म यांकडे पंडित वैद्यांनी पाठ फिरविल्यानंतर ते समाजाच्या खालच्या मानलेल्या थरांतील कारागिरांच्या हाती गेले आणि तेथेच टिकून राहिले.

पुण्याची शस्त्रक्रिया : या परंपरेची जगाला ओळख झाली, ती पुण्याजवळ १७९३ मध्ये झालेल्या एका शस्त्रक्रियेमुळे. तिचा वृत्तांत लंडनच्या ‘द जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांनी सही केलेल्या पत्रातून प्रसिद्ध झाला. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रज सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. नावावरून तो पारशी वाटला, तरी पत्रात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. तिसऱ्या इंग्रज–म्हैसूर युद्धात (१७९०–९२) तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला. सु. एक वर्ष नाकाविना काढल्यावर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतील एका मनुष्याने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. शस्त्रक्रियेनंतर सु. दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे व्यक्तिचित्र काढले. पेशवे दरबारातील व्यक्तींची चित्रे काढणारा वेल्स तो हाच.

पत्रातील वर्णन नेमके आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार दिला जाई. मग ती सपाट करून कपाळावर ठेवीत व तिच्या कडेने रेघ आखीत. तेवढ्या भागातील त्वचा कपाळापासून सोडवताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद दुवा न कापता ठेवला जाई. याच दुव्यातून नव्या नाकाचा रक्तपुरवठा चालू राही. खुंटावरील व्रण तासून काढीत व नाकपुड्यांभोवतीपासून वरच्या ओठापर्यंत छेद घेत. कपाळावरची त्वचा खाली आणून अर्धा पीळ देत व तिच्या कडा त्या छेदात बसवीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावीत. पाच-सहा दिवस रुग्णास उताणे झोपवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालीत. सु. पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधील दुवा कापण्यात येई. ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते आणि नवे नाक जवळजवळ नैसर्गिक नाकाइतके चांगले दिसते, असा निर्वाळा पत्रलेखकाने दिला आहे.

या वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांची नावे आहेत, चित्रकाराचेही नाव उपलब्ध आहे. ज्याच्या हातून हे कर्म झाले त्याची मात्र केवळ जात नोंदलेली आहे. आधुनिक संधान-शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एका निर्णायक घटनेचा कर्ता अशा रीतीने अनामिक राहिला. त्याचे कौशल्य सुश्रुताच्या परंपरेशी जोडण्याची पद्धत आहे. मूलतत्त्वे समान असल्याने ती निराधार नाही. परंतु गालाऐवजी कपाळ, पानाऐवजी मेण व चूर्णाऐवजी कात हे फरक पाहता, ग्रंथाचे केवळ अनुकरण न होता कारागिरांच्या अनुभवाने या विद्येत स्वतंत्र भर पडली होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

यूरोपातील प्रसार : लंडनमधील शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू (१७६४–१८४६) याने हा वृत्तांत वाचून भारतात राहून आलेल्यांकडे चौकशी केली व शवांवर सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सी येथील रुग्णालयात त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. यकृताच्या विकारासाठी घेतलेल्या पाऱ्याच्या औषधामुळे या अधिकाऱ्याचे नाक झडले होते. दुसऱ्या रुग्णाचे नाक १८११ मधील आल्बुएराच्या लढाईत जखमी झाले होते. दोन्ही शस्त्रक्रियांचा अहवाल कार्प्यूने १८१६ मध्ये प्रसिद्ध केला. जर्मनीत कार्ल फेर्डिनांट फोन ग्रेफे (१७८७–१८४०) याने १८१८ मध्ये ‘रायनोप्लास्टिक’ हा ग्रंथ लिहिला व या शाखेला तिचे आजचे पाश्चात्त्य नाव मिळाले. यूरोपात ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली गेली.

येथे कालक्रम उद्‌बोधक आहे. सुश्रुतसंहितेची मधुसूदन गुप्त यांनी संपादिलेली मुद्रित आवृत्ती कलकत्ता येथे १८३५–३६ मध्ये निघाली आणि हेस्लर याचे लॅटिन भाषांतर त्यानंतर झाले. म्हणजे यूरोपने नासासंधान भारतीय ग्रंथावरून नव्हे, तर भारतीय कारागिराच्या कृतीवरून उचलले. ग्रंथाचा परिचय नंतर झाला.

भारतात मात्र ही घराणी हळूहळू मागे पडली. विद्या गुप्त ठेवण्याची प्रवृत्ती, लिखित नोंदींचा अभाव, नासिकाच्छेदाच्या शिक्षेचा लोप आणि नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांना स्थान नसणे, ही त्याची कारणे दिसतात. तरीही जुनागढ येथील वैद्यकीय अधिकारी त्रिभोवनदास मोतीचंद शाह यांनी काठेवाडात दरोडेखोरांनी नाके कापलेल्या रुग्णांवर मोठ्या प्रमाणावर शस्त्रक्रिया केल्या व शंभर रुग्णांचा वृत्तांत १८८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. क्लोरोफॉर्म व जंतुनाशके उपलब्ध झाल्यानंतर भारतीय पद्धतीने केलेले हे महत्त्वाचे कार्य होय.

नासापटलाचा प्रश्न : नाक बाहेरून सुडौल असूनही आतील पडदा वाकडा असल्यास श्वास कोंडतो, नाकालगतच्या वायुकोटरांचा निचरा अडतो व रुग्ण तोंडाने श्वास घेऊ लागतो. जन्माच्या वेळी अथवा बालपणी झालेली इजा हे याचे एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात यावर केलेले प्रारंभीचे उपाय स्थूल स्वरूपाचे होते. वाकडा पडदा चिमट्याने मोडून आधाराने सरळ ठेवीत किंवा पुढे आलेला भाग अस्तरासकट करवतीने कापून टाकीत. पहिल्या पद्धतीत पडदा पुन्हा वाकडा होई. दुसरीत त्याला भोक पडे. शिकागो येथील एफ्रेम इंगल्स याने १८८२ मध्ये उपास्थीचा वाकडा तुकडा काढण्याची पद्धत सुचविली. तिला आधुनिक नासापटल-शस्त्रक्रियेचा आरंभ मानतात.

खरी प्रगती दोन औषधांमुळे झाली. १८८४ मध्ये व्हिएन्ना येथे कार्ल कोलर याने कोकेनचा स्थानिक संवेदनाहरणासाठी उपयोग दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲड्रेनॅलीन शुद्ध स्वरूपात मिळू लागले. त्याने श्लेष्मकलेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तस्राव अत्यल्प होतो. कपाळावरील परावर्तक आरशाने नाकाच्या खोल भागात प्रकाश टाकता येऊ लागला होता. रुग्णाला वेदना नाहीत, डोळ्यांसमोर रक्त नाही व आत प्रकाश आहे, अशा परिस्थितीत सूक्ष्म काम शक्य झाले.

एस. एम. आर. : शिकागोचे ऑटो फ्रीर (१८५७–१९३२) यांनी १९०२ मध्ये व जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील गुस्टाफ किलिअन (१८६०–१९२१) यांनी १९०४ मध्ये स्वतंत्रपणे एकाच तत्त्वाची शस्त्रक्रिया मांडली. श्वासनलिकादर्शनाचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध असलेले किलिअन ते हेच. या शस्त्रक्रियेत पडद्याच्या पुढील भागावर एका बाजूने छेद घेऊन श्लेष्मकला तिच्याखालील आवरणासह उचलतात; उपास्थी कापून, पलीकडील अस्तराला धक्का न लावता तेही सोडवितात आणि मधला वाकडा सांगाडा काढून टाकतात. शेवटी दोन्ही अस्तरे एकमेकांना भिडवून दोन्ही नाकपुड्यांत पट्टी भरतात. नाकाचा कणा व टोक खचू नये म्हणून वरच्या व पुढच्या कडेची सु. १ सेंमी. रुंदीची उपास्थी राखून ठेवतात. हिला ‘अधःश्लेष्मकला उच्छेदन’ असे म्हणता येईल. परंतु ‘सबम्यूकस रिसेक्शन’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून रुग्णालयांत ती ‘एस. एम. आर.’ याच संक्षेपाने ओळखली जाते. हाच संक्षेप दूरसंदेशवहनात ‘स्पेशलाइज्ड मोबाइल रेडिओ’ या, अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या, वाहनांशी संपर्क ठेवणाऱ्या व्यापारी रेडिओ सेवेसाठी वापरतात. दोहोंचा परस्परसंबंध नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. कालांतराने तिचे दोषही दिसून आले. दोन अस्तरांमध्ये रक्त साचल्यास उरलेल्या उपास्थीचे पोषण तुटते व पू झाल्यास ती नष्ट होऊन नाक खोगिरासारखे बसते. दोन्ही अस्तरे समोरासमोर फाटल्यास पडद्याला कायमचे भोक पडते. सांगाडा फार काढल्यास पडदा श्वासाबरोबर फडफडतो. नाकाची वाढ चालू असताना उपास्थी काढल्यास वाढ खुंटते. म्हणून साधारणतः सतरा वर्षांपूर्वी ही शस्त्रक्रिया करीत नाहीत. पडद्याचा अगदी पुढचा वाकडेपणा तर तिने दुरुस्तच होत नाही, कारण तोच भाग आधारासाठी राखावा लागतो.

उच्छेदनाकडून संधानाकडे : या दोषांमुळे काढून टाकण्याऐवजी सरळ करून राखण्याचा विचार पुढे आला. मेट्झेनबाउम यांनी १९२९ मध्ये उपास्थीचा पुढील भाग दारासारखा फिरवून मध्यरेषेत आणण्याची पद्धत सांगितली. शिकागोचे मॉरिस कॉटल (१८९८–१९८१) यांनी नाकाचे बाह्यरूप, पडदा व श्वसनक्रिया यांचा एकत्र विचार करून नासापटल-संधान (सेप्टोप्लास्टी) या शस्त्रक्रियेस पद्धतशीर रूप दिले. तीत शक्य तेथे एका बाजूचे अस्तर उपास्थीला चिकटलेलेच ठेवतात, म्हणजे तिचे पोषण तुटत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीने बहुतांशी एस. एम. आर. ची जागा घेतली. कठीण भिंगांच्या अंतर्दर्शकाच्या साहाय्याने केवळ वाकड्या भागापुरतीच शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १९९० नंतर प्रचारात आली.

इतकी रूढ शस्त्रक्रिया औषधोपचारापेक्षा खरोखर सरस आहे काय, याचे काटेकोर परीक्षण मात्र फार उशिरा झाले. नेदर्लंड्समध्ये २०३ प्रौढ रुग्णांवर केलेली यादृच्छिक निवडीची चाचणी २०१९ मध्ये, तर ब्रिटनमधील ३७८ रुग्णांची २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींत शस्त्रक्रिया झालेल्या गटास अधिक आराम पडल्याचे आढळले. किलिअन यांच्या लेखापासून या निष्कर्षापर्यंत शतकाहून अधिक काळ लोटला होता.

नासासंधानाची आधुनिक अवस्था : बाह्य नाकाच्या क्षेत्रात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील जॉन ऑर्लँडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून छेद घेण्याची, म्हणजे बाहेर व्रण न ठेवण्याची पद्धत वर्णिली. बर्लिनचे जाक योझेफ (१८६५–१९३४) यांनी १८९८ पासून मोठे नाक लहान करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांची संख्या प्रचंड होती. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज (१८८२–१९६०) यांनी त्यांच्यासाठी केलेल्या कार्यातून आधुनिक प्लास्टिक शस्त्रक्रिया उभी राहिली. गिलीज यांच्याकडे शिक्षण घेतलेले डॉ. नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात काम केले व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारला. कुष्ठरोगात नाकाचे आतील अस्तर व पडदा नष्ट होऊन नाक बसते. रोग बरा झाल्यावरही ही खूण राहते आणि रुग्ण समाजाबाहेरच राहतो. नासिकाच्छेदाच्या शिक्षेप्रमाणेच येथेही नाक घडविण्याचा अर्थ पुनर्वसन हाच होता. नाक घडविण्याच्या कलेसाठी जेथून जगाने धडा घेतला, त्या पुण्याच्या परिसरात ती अशा रीतीने पुन्हा उपयोगात आली.

कर्करोगाने अथवा अपघाताने नाकाचा मोठा भाग नष्ट झाल्यास कपाळाचा त्वचापट्टा आजही प्रथम पसंतीचा मानला जातो. त्याला पोषण देणाऱ्या रोहिणीचे स्थान आता ज्ञात आहे, आतील अस्तर व उपास्थीचा आधार स्वतंत्रपणे घडविता येतो आणि शस्त्रक्रिया संपूर्ण शुद्धिहरणाखाली होते. तथापि माप घेणे, दुवा राखणे व सु. तीन आठवड्यांनी तो कापणे हा क्रम कावसजीच्या वेळेप्रमाणेच आहे. नासापटलाच्या बाबतीतही अनुभवाने हेच शिकविले, की शस्त्राने किती काढले यापेक्षा पोषणासह किती राखले, यावर फलित अवलंबून असते. पुण्याच्या अनामिक कारागिराने डोळ्यांच्या मध्ये राखलेल्या त्या अरुंद दुव्यात हेच तत्त्व होते.